कुकरमधील सफरचंदाचे मसालेदार पेय

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून विख्यात असलेल्या, हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव या गावी सफरचंद पिकत नसले, तरी काश्मीर-हिमाचलातून येणाऱ्या या फळाचे उष्ण, सुगंधी पेय, ज्या हळदीसाठी वसमतची पेठ प्रसिद्ध आहे तिच्या लहानशा तुकड्यासह, घरच्या कुकरमध्ये उत्तम सिद्ध होते. १ किलो सफरचंदांच्या बिया काढून केलेल्या फोडी, १ लिटर पाणी, दालचिनी, ४ लवंगा, आले, हळदीचा तो तुकडा आणि चवीपुरता गूळ एवढे जिन्नस ५ लिटरच्या कुकरला पुरेत. कोंडलेल्या वाफेच्या दाबाने आतील पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणून तासाभराचे काम १५ मिनिटांत उरकते. मात्र सफरचंदाचा फेस वाफेची नळी तुंबवू शकतो, यास्तव कुकर निम्म्याहून अधिक भरू नये आणि दाब आपोआप उतरल्यावाचून झाकण उघडू नये, ही खबरदारी मी अनिवार्य मानतो. नंतर पातळ फडक्यातून गाळून ऊन ऊनच प्यावे.