गाजराच्या कोशिंबिरीला फोडणी का देतात आणि मीठ शेवटी का घालतात?

संध्याकाळचे साडेसात-आठ वाजलेत. कामावरून नुकतंच घरी आलात. शेगडीच्या एका बर्नरवर कुकर आहे, दुसऱ्यावर तवा. आणखी एक भाजी करायला गॅसवर जागा नाही आणि अंगात ताकदही नाही. अशा वेळी मुंबईतल्या अनेक घरांत किसणी बाहेर निघते आणि पानात गाजराची कोशिंबीर येते.

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या घरांचा विचार केला तर या पदार्थाची सोय लगेच लक्षात येते. १९२०च्या दशकात 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट'ने या चाळी बांधल्या. वरळीत अशा १२१ इमारती होत्या. एकेका इमारतीत तळमजला धरून चार मजले आणि साधारण ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्यातच झोपायचं, मुलांनी अभ्यास करायचा आणि त्यातच स्वयंपाक. अशा घरात जो पदार्थ गॅस मिनिटभरच अडवतो आणि ज्याला एक पातेलं व एक कढलं पुरतं, तो आपोआप आवडीचा होतो.

पण सध्या सोशल मीडियावर याच कोशिंबिरीचा 'झीरो ऑइल' अवतार फिरतोय. किसलेलं गाजर, वर लिंबू, बस्स. फोडणी नाही, दाण्याचं कूट नाही. दिसायला हेल्दी वाटतं. मग आपल्या आज्या त्यात तेल उगाच घालत होत्या का? समजून घेऊया.

आधी कृती पाहू

चार जणांसाठी:

- मध्यम आकाराची ३ गाजरं
- २ मोठे चमचे दाण्याचं कूट
- १-२ हिरव्या मिरच्या
- अर्धं लिंबू
- अर्धा चमचा साखर
- मूठभर कोथिंबीर आणि चवीपुरतं मीठ
- फोडणीसाठी २ लहान चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, चिमूटभर हिंग

१. गाजरं कच्चीच खायची आहेत, त्यामुळे चोळून धुवा, साल काढा आणि किसून घ्या.

२. किसात कूट, साखर आणि कोथिंबीर मिसळा.

३. तेल तापलं की मोहरी तडतडू द्या. हिंग आणि मिरचीचे तुकडे घालून ही फोडणी किसावर ओता.

४. पानं वाढायच्या वेळी मीठ आणि लिंबू घालून कालवा.

दही घालायचं असेल तर लिंबू वगळा आणि फोडणी थोडी निवल्यावर घाला.

फोडणी का हवी?

गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य म्हणजे बीटा कॅरोटीन. आपलं शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं. पण बीटा कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. जेवणात थोडं तेल-तूप असेल तर आतड्यातून ते जास्त शोषलं जातं. जेवणात अजिबात तेल-तूप नसेल तर त्यातलं बरंचसं वापरलंच जात नाही.

म्हणजे दोन चमचे तेलाची ती फोडणी चवीपुरती नाही. शेंगदाण्यातही तेल असतं, त्यामुळे कूटही त्याच कामाला येतं. बाकीच्या जेवणात तूप-तेल असेल तर तेही मदत करतं. पण रात्री फक्त कोशिंबीर खाऊन झोपणार असाल, तर फोडणी वगळू नका.

किसण्याचाही फायदा आहे. बीटा कॅरोटीन गाजराच्या पेशींमध्ये बंद असतं. किसल्याने, चावल्याने किंवा शिजवल्याने पेशींच्या भिंती तुटतात आणि ते मोकळं होतं. घरात लहान मूल किंवा दात नसलेले आजी-आजोबा असतील तर कीस फोडणीतच टाका आणि झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ काढा.

मीठ शेवटी का?

मीठ लागलं की गाजराच्या पेशींमधलं पाणी बाहेर यायला लागतं. पंधरा-वीस मिनिटांत वाडग्याच्या तळाशी पाणी साचतं आणि कीस मऊ पडतो. म्हणून मीठ आयत्या वेळी. डब्यात न्यायची असेल तर मीठ-लिंबू पुडीत वेगळं न्या. मीठ घातलेली कोशिंबीर सकाळसाठी राखून ठेवू नका.

लाल गाजर की केशरी?

हिवाळ्यात बाजारात येणारं लाल गाजर रसाळ आणि गोड असतं. त्याचा लाल रंग लायकोपीनमुळे येतो. टोमॅटोतही तेच असतं. लाल गाजर वापरलं तर साखर कमी करा. केशरी गाजर जवळजवळ वर्षभर मिळतं, त्यामुळे गणपतीत बहुतेक तेच हाताशी असतं.

सणाच्या पानात कोशिंबिरीची जागा ठरलेली आहे. डाव्या बाजूला, मीठ-लिंबू-चटणीच्या शेजारी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, गाजर थेट भाजीत जातं. वांगी, ओला हरभरा, वालाच्या शेंगा आणि तीळ यांच्याबरोबर. त्या भाजीतही तिळाची स्निग्धता असतेच.

गाजर खाऊन चष्मा जातो का?

नाही. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर अंधारात कमी दिसतं आणि ती कमतरता भरून काढायला गाजराची मदत होते. पण चष्म्याचा नंबर हा बहुतेक वेळा डोळ्याच्या आकाराशी जोडलेला असतो. तो गाजराने उतरत नाही.

या समजाला दुसऱ्या महायुद्धात मोठी हवा मिळाली. रात्री शत्रूची विमानं पाडणारे ब्रिटिश वैमानिक गाजरं खातात म्हणून त्यांना अंधारात दिसतं, असं तेव्हा सांगितलं गेलं. प्रत्यक्षात त्यांच्या विमानांत रडार होतं आणि ते गुपित होतं.

म्हणून मुलाला फळ्यावरचं दिसत नसेल तर गाजर सुरू करून वाट बघू नका, डोळे तपासून घ्या. लहान मुलांना नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रावर मिळणारे अ जीवनसत्त्वाचे डोसही चुकवू नका. कोशिंबीर त्यांची जागा घेत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आता ओटा मोठा झाला. पण कामावरून परतायची वेळ तीच आहे आणि भूकही तेवढीच. त्यामुळे किसणी आणि फोडणीचं कढलं नव्या घरातही हाताशीच ठेवा.