दोन दाढांच्या मधे: लहान मुलांच्या दातांत दोरा कसा फिरवायचा

(कर्जत तालुक्यातल्या एका ठाकुरवाडीत, अंगणवाडीच्या ओट्यावर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पुढं बसलेल्या आया, आज्या, अंगणवाडीताई, आशाताई आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेले बाप, तुम्हीसुद्धा पुढं या. आजचं काम हाताचं आहे, आणि ते फक्त आईच्या हाताचं नाही.

एक गोष्ट सांगतो. तपासणीला पाच वर्षांचा मुलगा आला होता. आई म्हणाली, "रोज दात घासतो, तरी रात्रीचा उठून रडतो." दाढ वरून बघितली तर पांढरी, स्वच्छ. आई खोटं बोलत नव्हती. पण शेजारच्या दाढेला जिथं ती चिकटते, तिथं आतून पोखरलेली. वालाची शेंग कशी वरून हिरवीगार असते आणि सोलली की दाणा किडलेला निघतो, तसं.

हे का होतं ते आधी बघू. सगळ्यांनी डाव्या हाताची बोटं घट्ट जुळवा. ताई, ते नाचणीचं ओलं पीठ जरा दोन बोटांच्या मधे लावा. आता हा ब्रश घ्या आणि बोटांवरून फिरवा. पाठीवरचं गेलं, पुढचं गेलं. मधलं गेलं का? नाही. आता हा दोरा मधे घालून वरखाली करा. निघालं! झालं, अर्धं व्याख्यान इथंच संपलं.

दुधाचे दात एकूण २०. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांत सगळे येतात. पुढच्या दातांत बहुतेक मुलांना फटी असतात, त्या चांगल्याच. तिथं दोरा लागत नाही. पण मागच्या दोन दाढा तीन-चार वर्षांच्या सुमारास एकमेकींना चिकटतात. बिस्किट, टोस्ट, पाकिटातला खाऊ यांचा लगदा तिथं अडकतो. तोंडातले जंतू त्यातल्या साखरेचं आणि पिठाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात खातं. दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ, म्हणून कीड लवकर आत पोचते.

आता आजीबाई म्हणतील, "दुधाचे दात पडणारच की, कशाला एवढं?" पुढचे पडतात सहा-सात वर्षांत. पण मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत राहायची असते. ती पाचव्या वर्षी काढावी लागली, तर सहाव्या वर्षी तिच्या मागं येणारी कायमची दाढ पुढं सरकते. जीपमध्ये कोणी उठलं की शेजारचा सरकून बसतो ना, तसंच. मग ज्या दाताची ती जागा, तो आला की वाकडा येतो किंवा आतच अडकतो. आणि दुखणाऱ्या दाढेचं पोर जेवत नाही, झोपत नाही. दाढ रात्री ठणकली तर इथून खाली उतरायला गाडी कुठली?

म्हणून दोरा. दुकानात त्याला फ्लॉस म्हणतात. पण मुलाच्या हातात दोरा देऊन "कर" म्हटलं तर काही उपयोग नाही. हे माझं मत नाही. २००६ साली जर्नल ऑफ डेंटल रिसर्चमध्ये चार ते तेरा वर्षांच्या ८०८ मुलांवरच्या सहा प्रयोगांचा एकत्र आढावा छापून आला. शाळेच्या दिवशी रोज मोठ्या, शिकवलेल्या माणसांनी मुलांच्या दातांत दोरा फिरवला, तेव्हा पावणेदोन वर्षांत दातांमधल्या किडीचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. ती मुलं फ्लोराइड फारसं न मिळणारी होती. थोड्या मोठ्या मुलांनी स्वतःच फिरवला, तिथं फरक दिसला नाही. तीन महिन्यांतून एकदा फिरवला, तिथंही नाही. म्हणजे दोन गोष्टी: हात मोठ्याचा, आणि रोज.

आता कृती. एक हात दोरा घ्या, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. दोन्ही टोकांना गाठ मारून गोल करा, म्हणजे बोटांना गुंडाळायची कटकट नाही. पोराचं डोकं मांडीवर घ्या. उजेडाकडं तोंड करा, नाहीतर कोणीतरी मोबाइलची बॅटरी धरा. फारच लहान आणि वळवळणारं असेल, तर दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या.

दोन्ही बोटांत बोटभर दोरा ताणा. दाढांच्या मधे करवतीसारखा हळूहळू पुढंमागं करत उतरवा. खाली दाबून खटकन सोडू नका, हिरडी कापते. उतरला की विळ्यासारखा वाकवून एका दाढेला लपेटा आणि पाच-सहा वेळा वरखाली घासा. मग दुसऱ्या दाढेला. तीन-चार वर्षांच्या मुलाला अशा चारच जागा: वर दोन, खाली दोन. दोन मिनिटांचं काम. सहाव्या वर्षाची दाढ आली की आणखी चार वाढतात.

हे रात्री करायचं. नंतर फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहाला वाटाण्याएवढी. थुंकायला सांगा, पण भरभरून चुळा भरू नका. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

पहिल्या दिवशी चारही जागा करू नका. एकच करा आणि सोडा. आधी स्वतःच्या दातांत करून दाखवा, दोरा पोराच्या हातात खेळायला द्या. रडलं तर उद्या. ओरडून केलं तर ते तोंडच उघडणार नाही.

(यानंतर प्रश्न झाले.)

"शिवायचा दोरा चालेल का?" नाही. तो तुटून तंतू मधेच राहतात. मासे धरायची तंगूस तर अजिबात नको, ती हिरडी चिरते. कर्जतला बाजाराला गेलात की मेडिकलमध्ये मागा. ५० मीटरच्या डबीत एक हाताचे शंभरावर तुकडे होतात. आणलाच नाही, तर ब्रश, पेस्ट आणि झोपताना गोड बंद, हे तरी सोडू नका. ते पहिलं, दोरा दुसरा.

"रक्त आलं तर?" सुजलेल्या हिरडीतून थोडं येतं. हळू हातानं रोज केलं की आठवडाभरात थांबतं. नाही थांबलं तर दाखवा.

"मी मिशेरी लावते, नात मागते." देऊ नका, आजी. ती तंबाखू आहे. नातीसमोर लावणंही बंद करा.

"स्वतः कधी करेल?" आठ-दहा वर्षांचं झालं, सुतळीला नीट गाठ मारता आली, की शिकवा. तरी काही दिवस तुम्ही बघा.

आणि एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी असते, आणि दातांची कीड त्यांच्या यादीत आहे. पथक आलं की "मागच्या दाढांच्या मधे बघा" असं तुम्ही स्वतः सांगा. वरून पांढरी दिसते म्हणून सोडून देऊ नका.

चला, आता दोरे वाटतो. ज्याचं पोर जवळ आहे त्यानं मांडीवर घ्या. एकच जागा करून बघू.