माझदा आरएक्स-८ : जुन्या मोटारीतील सामान्य बिघाड व दुरुस्तीचा खर्च

माझदा आरएक्स-८ ही जपानमधील माझदा कंपनीने २००३ ते २०१२ या काळात उत्पादित केलेली, चार आसनांची स्पोर्ट्‌स कूपे प्रकारची मोटार होय. तिचे मागचे दोन छोटे दरवाजे उलट दिशेने उघडतात आणि पुढच्या व मागच्या दरवाजांमध्ये खांब नाही. मात्र ही मोटार ओळखली जाते ती तिच्या रेनेसिस या रोटरी इंजिनामुळे. या इंजिनाला २००३ साली ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला होता. अमेरिकेत नवी असताना सुमारे २७,००० डॉलरना मिळणारी ही मोटार आज जुन्या बाजारात अतिशय स्वस्त मिळते. या स्वस्ताईचे कारणही बहुतांशी हे इंजिनच आहे.

== इंजिनाची रचना ==
नेहमीच्या इंजिनात सिलिंडरमध्ये दट्ट्या वर-खाली होतो. जर्मन अभियंता फेलिक्स वँकेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोटरी इंजिनात दट्ट्या नसतो. त्याऐवजी फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लंबगोलासारख्या पोकळीत फिरतो. रोटरच्या तीन बाजू व पोकळीची भिंत यांच्यामध्ये तीन कक्ष तयार होतात आणि इंधन-हवेचे मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे व बाहेर टाकणे ही कामे त्या कक्षांत एकामागून एक होत राहतात. आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर असून प्रत्येकाची क्षमता ६५४ घनसेंटीमीटर आहे.

हे तीन कक्ष एकमेकांपासून वेगळे ठेवण्याचे काम रोटरच्या तीन शिरोबिंदूंवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या करतात. त्यांना एपेक्स सील म्हणतात. रोटरच्या सपाट बाजूंवरही साइड सील असतात. ही सर्व सील सतत भिंतीवर घासत असल्याने त्यांना तेलाची गरज असते, म्हणून एक छोटा पंप ज्वलनकक्षात मोजून तेल सोडतो. हे तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. टू-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलात तेल मिसळले जाई, त्यामागेही असेच कारण होते. त्यामुळे या मोटारीने तेल ‘खाणे’ हा बिघाड नसून रचनेचाच भाग आहे. नव्या मालकाला हे ठाऊक नसले, तर डिपस्टिक न पाहता महिनोन्‌महिने मोटार चालवली जाते आणि खरा बिघाड तेथून सुरू होतो.

== सीलची झीज ==
तेल कमी पडणे, अतिउष्णता आणि साचलेला कार्बन ही सील निकामी होण्याची प्रमुख कारणे आहेत. सील झिजली की कक्षातील दाब, म्हणजे कंप्रेशन, घटतो. याचे पहिले लक्षण फसवे असते. थंड इंजिन व्यवस्थित सुरू होते, पण तापलेले इंजिन बंद करून काही मिनिटांनी पुन्हा सुरू करू गेल्यास ते बराच वेळ नुसते फिरत राहते. विकणाऱ्याने इंजिन थंड असतानाच मोटार दाखवली, तर हा दोष लक्षात येत नाही.

तक्रारी वाढल्यानंतर माझदाने अमेरिकेत २००४ ते २००८ या मॉडेलवर्षांच्या मोटारींसाठी इंजिनाच्या मुख्य भागाची हमी ८ वर्षे किंवा १,००,००० मैल इतकी वाढवली. ती मुदत आता कधीच उलटून गेली असल्यामुळे सगळा भार मालकावर पडतो. पुनर्बांधणी केलेले इंजिन बसवून घेण्यास अमेरिकेत साधारणतः ४,००० ते ८,००० डॉलर लागतात. अनेकदा ही रक्कम मोटारीच्या बाजारभावाहून अधिक असते.

== प्रज्वलन व्यवस्था ==
इंजिनाइतकीच दखल घेण्याजोगी बाब म्हणजे इग्निशन कॉइल. प्रत्येक रोटरसाठी दोन, असे एकूण चार स्पार्क प्लग आणि चार कॉइल या मोटारीत आहेत. मूळ कॉइल साधारण ५०,००० किलोमीटरच्या सुमारास दुर्बल होऊ लागतात. ठिणगी क्षीण झाली की काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. त्या उष्णतेने कन्व्हर्टरची आतली जाळी वितळते व वाट चोंदते. बाहेर पडू न शकलेले तप्त वायू मग इंजिनाचेच तापमान वाढवतात व सीलचे आयुष्य घटवतात. कॉइलचा पूर्ण संच दीडशे ते साडेतीनशे डॉलरमध्ये येतो आणि तो बदलणे फारसे अवघड नाही. तो वेळेवर न बदलल्यास कन्व्हर्टरचा आणि त्यापाठोपाठ इंजिनाचा खर्च ओढवतो. या मोटारीतील ‘नशिबाने’ बिघडलेल्या इंजिनांपैकी काहींची कथा एवढीच असते.

प्लग बदलताना एक पथ्य पाळावे लागते. लीडिंग व ट्रेलिंग या दोन स्थानांचे प्लग वेगवेगळे असून त्यांची अदलाबदल चालत नाही.

== पेट्रोलने भिजलेले इंजिन ==
थंड इंजिन सुरू करून, मोटार चार पावले पुढे घेऊन लगेच बंद केल्यास आत शिल्लक राहिलेले पेट्रोल सीलवरील तेलाचा थर धुऊन टाकते. पुढच्या वेळी पुरेसा दाब तयार होत नाही आणि इंजिन सुरूच होत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवल्यास इंधनपुरवठा थांबतो व आतले पेट्रोल बाहेर फेकले जाते. पुढील काळात कंपनीने अधिक वेगाने फिरणारा स्टार्टरही दिला. जुन्या मोटारीत मूळ स्टार्टर व दुबळी बॅटरी असेल, तर हा त्रास वारंवार होतो.

== खरेदीपूर्व कंप्रेशन चाचणी ==
साध्या दाबमापकाने या इंजिनाची परीक्षा नीट होत नाही, कारण तो केवळ सर्वाधिक दाब दाखवतो. रोटरी इंजिनासाठीचे खास उपकरण प्रत्येक रोटरच्या तिन्ही कक्षांचे, म्हणजे एकूण सहा आकडे देते. चाचणी इंजिन तापलेले असताना केली जाते आणि आकडे मिनिटाला २५० फेऱ्या या वेगाला धरून वाचले जातात. कंपनीच्या मानकानुसार दाब ८.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असावा, तो ६.९ च्या खाली जाता कामा नये. एका रोटरचे लगतचे दोनच आकडे पडले असतील, तर त्या दोन कक्षांमधील एपेक्स सीलवर संशय घेतला जातो. सर्वच आकडे कमी असल्यास ती सार्वत्रिक झीज समजावी. विक्रेता ही चाचणी करू देत नसेल, तर मोटारीची किंमत इंजिन निकामी आहे असे धरूनच ठरवणे शहाणपणाचे.

== इतर भाग ==
गिअरबॉक्स, ब्रेक व सस्पेन्शन यांबाबत ही मोटार बरीच टिकाऊ आहे. क्लच पेडलचा आधार तडकणे आणि कूलंटच्या टाकीतील सेन्सरने खोटी सूचना देणे हे किरकोळ दोष आढळतात. रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या ब्रिटनसारख्या थंड देशांत मात्र मागच्या चाकांवरील कमानी व दाराखालची पट्टी गंजते. तेथे हा खर्चही दुर्लक्षिण्याजोगा नसतो. २००९ सालच्या मॉडेलपासून तेल सोडणाऱ्या इंजेक्टरांची संख्या व तेलाचा दाब वाढवण्यात आल्याने त्यानंतरच्या मोटारींची इंजिने तुलनेने अधिक टिकतात आणि त्यांना भावही चढा मिळतो.