पंख्याने जिंकलेली शर्यत

दरेकशाला हाजरा फॉल बघायला जाणाऱ्यांनी धबधब्यावरून नजर काढून थोडा वेळ खालचा ओढाही पाहावा. खडकांमध्ये पात्र चिंचोळं झालं की पाणी धाव घेतं. हवेचंही तसंच, आणि वेग वाढला की तिथला दाब घटतो. शर्यतीच्या गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यातल्या फटीतून हवा वेगाने निघाली, तर वरच्या हवेचा दाब गाडीला खाली रेटतो. टायरची पकड वाढते आणि वळणावर वेग फारसा कमी करावा लागत नाही. १९७८ साली लोटसच्या फॉर्म्युला वन गाड्या याच जोरावर इतरांना धूळ चारत होत्या.

ब्रॅभम संघाचा डिझायनर गॉर्डन मरे मात्र पेचात होता. डर्बनला जन्मलेला, तिथे स्वतः बांधलेली गाडी स्वतःच पळवणारा हा गडी १९६९ मध्ये इंग्लंडला आला होता. त्याच्या गाडीतलं अल्फा रोमिओचं इंजिन आडवं आणि रुंद. हवेला खालून वाट द्यायला जागाच उरत नव्हती. मग त्याने मागे एक मोठा पंखा बसवला आणि पोटाखालची हवा सरळ उपसून काढली. हवेचा दाब मिळवण्यासाठी हलते भाग लावायला मनाई होती. पण इंजिनावर रेडिएटर आडवा ठेवून, पंख्याचं मुख्य काम तो थंड करणं आहे, असं त्याने दाखवलं! पंखा इंजिनाच्या जोरावर फिरे. त्यामुळे उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला तरी ती स्प्रिंगांवर खाली बसायची. १७ जूनला स्वीडनमध्ये ब्रॅभमचा चालक निकी लाउडा या गाडीतून अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. इतर संघ खवळले. विजय कायम राहिला, पण ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही.

पुढे मरेच्या गाड्यांनी ब्रॅभमचा चालक नेल्सन पिके याला १९८१ आणि १९८३ ची जगज्जेतेपदं दिली. १९८६ ची बुटकी बीटी-५५ सपशेल फसली. मग मरे मॅक्लारेन संघात गेला आणि १९८८ मध्ये त्या संघाने सोळापैकी पंधरा शर्यती मारल्या. त्या गाडीचं श्रेय मरेचं की तिथलाच डिझायनर स्टीव्ह निकोल्स याचं, हा वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर मरेचा खरा हात पंख्यातच दिसतो. २०२० मध्ये त्याने रस्त्यावरच्या टी-५० गाडीलाही ४०० मिलिमीटरचा पंखा लावला.

आपल्याकडे पुण्या-मुंबईचे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी फॉर्म्युला भारत या स्पर्धेसाठी छोट्या रेसिंग कार बांधतात. अशा काही विद्यार्थी स्पर्धांच्या नियमांत गाडीखालची हवा यंत्राने उपसायला बंदी आहे. पंखा चालतो, पण निव्वळ थंड करण्यापुरता. मरेने शोधलेली फट तेवढी बुजवून टाकली आहे.