ऑफिसमध्ये घुसमट, मित्रांत धमाल: हे हसू खोटं असतं का?

ख्रिसमसच्या आधी मित्र जमतात, केक कापतात, ग्रुप फोटो स्टेटसला जातो. त्यातल्याच एखाद्याच्या पोटात सोमवारच्या ऑफिसच्या विचाराने गोळा येतो. मग फोटोतलं हसू खोटं का?

नाही. मित्रांतला आनंद खराच असतो. थकवतं ते ऑफिसात दिवसभर ओढूनताणून आणलेलं हसू. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ च्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला आणि अशा हसण्याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं.

मनातलं लपवलं की ते कमी होतं का? जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांच्या १९९७ च्या प्रयोगात दुःखद चित्रफीत पाहताना काहींना भावना लपवायला सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख कमी दिसलं, मनातलं मात्र कमी झालं नाही. उलट शरीरावरचा ताण वाढला.

म्हणून पार्टी जरूर एन्जॉय करा. सगळ्या ग्रुपला सांगायची गरज नाही. पण घरी निघताना एका जवळच्या मित्राला ‘ऑफिसात जमत नाहीये रे’ एवढं तरी सांगा. झोप, भूक उडाली असेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.