पाठ केलेले ऐन वेळी का आठवत नाही?

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की विहारांतील अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. या काळात विद्यार्थ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : 'रात्री सारे तोंडपाठ होते, पण प्रश्नपत्रिका हाती पडली आणि काहीच आठवेना.' पुष्कळ मुले यावरून आपल्याला बुद्धीच नाही असा निष्कर्ष काढतात. ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्या मनात हा समज लवकर मूळ धरतो व काहींचे शिक्षण त्यापायी सुटते. पालि वाङ्मयात नेमक्या याच प्रश्नाचा विचार झालेला आहे. तो येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात संगारव सुत्त आहे. संगारव ब्राह्मण भगवंतांना विचारतो की, दीर्घकाळ पाठ केलेले मंत्रही कधी आठवत नाहीत आणि कधी पाठ न केलेलेही आठवतात, याचे कारण काय? भगवंतांच्या उत्तरात बुद्धीच्या कमीअधिकपणाचा उल्लेखही नाही. चित्त पाच नीवरणांनी व्यापले असता पाठ केलेलेही स्फुरत नाही, असे ते सांगतात आणि पाण्याच्या भांड्यात आपला चेहरा पाहणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त देतात.

पाण्यात लाख, हळद वा नीळ कालवली असेल तर प्रतिबिंब दिसत नाही. हा कामच्छंद होय. पुस्तक उघडे असताना मन मोबाईलकडे वा करमणुकीकडे ओढ घेते, ती हीच अवस्था. पाणी विस्तवावर उकळत असेल, तर तो व्यापाद होय. घरात भांडून अभ्यासाला बसणाऱ्याने याचा अनुभव घेतलेला असतो. पाण्यावर शेवाळ साचले, तर ते थीनमिद्ध, म्हणजे आळस व झापड. वाऱ्याने पाणी हेलकावत असेल, तर ते उद्धच्चकुक्कुच्च, म्हणजे अस्वस्थता व मागील गोष्टींची रुखरुख. पाणी गढूळ असून भांडे अंधारात ठेवले असेल, तर ती विचिकिच्छा, म्हणजे संशय. 'मला हे जमेल काय?' हा विद्यार्थ्याचा प्रश्न याच जातीचा आहे. या पाचही दृष्टान्तांत पाहणाऱ्याची दृष्टी शाबूत आहे. दोष पाण्यात आहे, आणि पाणी निवळू शकते.

पाच नीवरणांपैकी परीक्षार्थ्याला सर्वाधिक छळते ते थीनमिद्ध. त्यावरील उपाय त्याच निकायाच्या सत्तक निपातात, पेंगणाऱ्या महामोग्गल्लानांना केलेल्या उपदेशात आले आहेत. ऐकलेल्या धम्माचे मनाशी चिंतन करावे, तो सविस्तर म्हणावा, कान ओढावेत, अंग चोळावे, उठून डोळ्यांवर पाणी मारावे व आकाशातील तारे पाहावेत, मनात प्रकाशाची संज्ञा धरावी, चंक्रमण करावे. इतके करूनही झोप हटली नाही, तर उजव्या कुशीवर, उठण्याचा निश्चय करून निजावे. या क्रमाच्या अखेरीस निद्रेला मान्यता आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानी घ्यावे. शिकलेले स्मृतीत स्थिर होण्यास झोप आवश्यक असते, हे आधुनिक संशोधनानेही दाखविले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण म्हणूनच तोट्याचे ठरते.

चित्त निवळले तरी पाठाचे काम उरतेच. पाठ न करणे हा मंत्रांचा मळ होय, असे धम्मपदाच्या मलवग्गात म्हटले आहे. पाठ कसा करावा, हे आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात विसुद्धिमग्गात शरीराच्या बत्तीस भागांच्या निमित्ताने सांगितले आहे. प्रथम पाच भाग म्हणावेत व ते उलट क्रमाने परत म्हणावेत. मग पुढील पाच घ्यावेत आणि उलट येताना पहिल्या पाचांपर्यंत यावे. आधी वाणीने, मग मनाने म्हणावे. या रीतीत नवे घेताना जुने दर वेळी पुन्हा आठवावे लागते, आणि हेच तिचे मर्म आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा वेग मोजून दाखविला : शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच बरेचसे विसरले जाते. रोडिगर व कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगांत, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न पाहता आठवून पाहणाऱ्यांच्या स्मरणात आठवड्यानंतर अधिक टिकले. पुस्तक मिटून म्हणणे वा लिहिणे हाच खरा पाठ होय.

परीक्षेच्या तोंडावर स्मरणशक्तीची औषधे घ्यावीत काय, असेही पालक विचारतात. कोणतेही औषध पाठाची जागा घेऊ शकत नाही, एवढेच आम्ही सांगू.

विद्यार्थ्यांनी रोज पाठाला बसण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे आनापानाकडे लक्ष द्यावे. सायंकाळी त्या दिवशीचे पुस्तक मिटून आठवावे, आणि दुसऱ्या दिवशी नव्या धड्याआधी कालचा म्हणावा. परीक्षागृहात एखादे उत्तर सुचले नाही, तर घाबरून स्वतःला दोष देऊ नये. त्याने वारा अधिकच वाहू लागतो. लेखणी खाली ठेवावी, काही श्वास शांतपणे पाहावेत आणि येत असलेल्या प्रश्नाकडे वळावे. पाठ केलेला असेल, तर पाणी निवळताच तो दिसू लागेल.