ढगाळ दिवसात युरिया का कामी येत नाही? पानाच्या पेशीत डोकावूया

(या भागाचा लिखित मजकूर. हेडफोन विसरलात तर वाचून घ्या.)

आजचा भाग माझ्या एका चुकीवर आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. घर अड्याळला, पवनी तालुक्यात, आणि घरची शेती धानाची. काही वर्षांपूर्वी बांधीत लोंब बाहेर पडली आणि नेमकं तेव्हाच आभाळ धरलं. आठ-दहा दिवस ऊनच नाही. बाबांचा फोन आला, "धान तं हिरवागार दिसते, पन दाना काहून भरत नाही?"

मी मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला आणि सांगून टाकलं, "बाबा, युरिया टाका अजून." त्यांनी टाकला. पीक आणखी गर्द झालं, मग करपा आला, आणि मळणीत पोचट दाणेच जास्त निघाले. माझं कुठे चुकलं हे कळायला मला दहावीचं पुस्तक पुन्हा उघडावं लागलं.

पहिला प्रश्न: दाणा बनतो कशापासून? आपण म्हणतो मातीतून. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट नावाच्या माणसाने कुंडीत 200 पौंड कोरडी माती घेऊन त्यात विलोचं रोप लावलं आणि 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 160 पौंडांच्या वर गेलं, आणि माती घटली जेमतेम 2 औंस! त्याला वाटलं झाड पाण्यापासूनच बनलं. अर्धं उत्तर बरोबर होतं. उरलेलं अर्धं हवेत होतं: कार्बन डायऑक्साइड. हवेच्या 10,000 रेणूंमध्ये याचे फक्त 4 च्या आसपास असतात. तुमच्या ताटातल्या भाताचा कार्बन तिथूनच आलाय.

आता पानात शिरूया. पानावरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, हवा आत येते. आतल्या पेशींमध्ये हिरव्या गोळ्यांसारखी हरितलवकं असतात. एकेका हरितलवकात दोन विभाग चालतात असं समजा.

पहिला विभाग चार्जिंगचा. हरितलवकात पातळ पडद्यांच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यात हरितद्रव्य असतं. ते लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हिरवा त्या मानाने कमी, म्हणून पान हिरवं दिसतं. प्रकाश पडला की हरितद्रव्यातून इलेक्ट्रॉन सुटतो. त्याची जागा भरायला पाण्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. म्हणजे आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नाही, पाण्यातून येतो. या सगळ्यातून दोन चार्ज झालेल्या 'बॅटऱ्या' तयार होतात: एटीपी आणि एनएडीपीएच.

दुसरा विभाग साखरेचा. चकत्यांच्या भोवतीच्या द्रवात रुबिस्को नावाचं विकर हवेतला कार्बन पकडतं, आणि त्या बॅटऱ्या खर्चून त्याची साखर बनते. हे चक्र शोधल्याबद्दल मेल्विन कॅल्विन यांना 1961 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रुबिस्को तसं संथ आहे, सेकंदाला साधारण 3 रेणू. म्हणून झाड त्याचा ढीगच्या ढीग बनवतं.

शाळेत आपण या दुसऱ्या भागाला 'अंधारातली क्रिया' म्हणायचो. नावावर जाऊ नका. प्रकाश गेला की बॅटऱ्या संपतात आणि हा विभागही थोड्याच वेळात थंडावतो.

आता माझी चूक बघा. युरियात असतो नायट्रोजन. हरितद्रव्यात नायट्रोजन लागतो, रुबिस्कोतही लागतो. पीक पिवळं पडलं असेल तर युरियाने फरक पडतो, हे खरंच आहे. पण आमचं पीक आधीच हिरवंगार होतं. कमी पडत होता तो प्रकाश. आमच्या ऑफिसच्या भाषेत याला बॉटलनेक म्हणतात. लाईनच स्लो असेल तर सर्व्हर वाढवून काय होणार? आम्ही रुबिस्कोची माणसं वाढवली, पण त्यांच्या हातात बॅटऱ्याच नव्हत्या. वरून पाला दाट झाला, खालच्या पानांवर सावली पडली, आणि असं लुसलुशीत, दमट पीक म्हणजे करप्याला आमंत्रणच.

आणि वेळही नेमकी वाईट. दाण्यातल्या स्टार्चचा मोठा हिस्सा लोंब निघाल्यानंतरच्या साधारण महिनाभरात बनतो. वरची दोन-तीन पानं साखर करतात, ती रसवाहिन्यांतून लोंबीत जाते आणि तिथे तिचा स्टार्च होतो. या महिन्यात ऊन हुकलं की दाणा पोचट. पाण्याची सोय असेल तर उन्हाळी धान खरिपापेक्षा जास्त उतरतो, त्याचं एक मोठं कारण हेच: आभाळ मोकळं.

मग करायचं काय? ढग हटवणं आपल्या हातात नाही. पण ती वरची पानं रोग-किडीपासून निरोगी ठेवणं हातात आहे. आणि लोंब निघाल्यावर 'ऊन नाही म्हणून युरिया' हा हिशोब करायचा नाही. शंका असेल तर साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, माझ्यासारख्या पोराला फोनवर विचारू नका!

जाता जाता एक प्रयोग. आपला जिल्हा तलावांचा. तलावातली हायड्रिला घ्या, पाणी भरलेल्या काचेच्या बाटलीत ठेवा, चिमूटभर खायचा सोडा टाका. उन्हात एका मिनिटात किती बुडबुडे निघतात ते मोजा. मग तीच बाटली सावलीत ठेवून पुन्हा मोजा. हवं तर मोबाईलवर शूट करून स्लो करून बघा.

बाबांना मी हाच प्रयोग दाखवला. ते थोडा वेळ सावलीतल्या बाटलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे त्या साली धान उपाशी होता तं."

हो बाबा. उपाशीच होता, आणि आपण त्याला ताट सोडून नुसत्या वाट्या वाढत होतो.

तुमचे आकडे पाठवा. भेटू पुढच्या भागात!